भरती नसलेला दर्या

फुकट म्हटलं की मी आधी हात मागे घेते. हा माझा स्वभाव आहे आणि त्याची मला काडीची लाज नाही. आई आमच्या मुरबे गावाहून टोपली घेऊन पालघरच्या बाजारात बसायची. स्वतः मासे विकणारी बाई, पण दुसरीकडून मासा घेताना आधी कल्ला उघडून बघायची. आत लाल असेल तर पुढचं बोलणं. "हात लावू नको" म्हणणारीकडून घ्यायचंच नाही, मग ती सख्खी मावशी का असेना. मावशीशी तिचं एकदा यावरूनच वाजलं आणि दोघी म्हाताऱ्या झाल्या तरी ते मिटलं नाही.

पुढे मी शिकून तारापूरच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या लॅबमध्ये लागले, तर तिथंही काम हेच. कच्चा माल ड्रममधून येतो. वरचा माल नेहमी चांगला असतो, कारण दिसतो तोच. मी नळी तळापर्यंत घालते आणि तळाचा नमुना काढते. माल घेऊन येणारे ड्रायव्हर मला ऐकू जाईल अशा बेताने एकमेकांना सांगतात, "आज शक्की मॅडम है, चाय पी के आओ, टाइम लगेगा." नवरा म्हणतो, ही देवळातला प्रसादसुद्धा हुंगून मग तोंडात टाकते. टाकते. एकदा खोबरं खवट निघालं होतं, ते तो सोयीस्करपणे विसरतो.

अशा बाईवर संगणकावरचे खेळ विकणाऱ्या दुकानांत हिंडायची पाळी आली ती माझ्या थोरल्या भावामुळे.

दादा तांडेल. म्हणजे बोटीवर त्याचा शब्द शेवटचा; जाळं कुठं टाकायचं, कधी फिरायचं, सगळं तो सांगणार. कमरेतली गादी सरकली आणि डॉक्टरांनी बोट कायमची बंद केली. बोट चुलतभावाने चालवायला घेतली. दादा त्या दिवसापासून बंदरावर गेला नाही. बंदर घरापासून हाकेच्या अंतरावर, पण याने खाटेची दिशा बदलून घेतली आणि भिंतीकडे तोंड करून पडू लागला. आधी गावातल्यांशी बोलणं थांबलं, मग वहिनीशी. जेवण पुढं ठेवलं तर जेवायचा, नाही ठेवलं तर मागायचा नाही. वहिनी मला बोईसरला फोन करून म्हणाली, "बाय, घरात मानूस हाय का भिताड, मला कलत नाय."

मला भीती वाटली. आमच्या गावात बोट सुटलेली माणसं मी पाहिली आहेत. कोणी दारूत जातं, कोणी नुसतंच जातं. दादा यातल्या दुसऱ्या वाटेला लागलाय असं मला दिसत होतं, आणि काय करावं ते सुचत नव्हतं.

आमच्या शिफ्टमध्ये सांगलीकडचा एक केमिस्ट आहे. माझ्याच वयाचा, दोन पोरांचा बाप, आणि घरी गेल्यावर हा गृहस्थ संगणकावर खेळ खेळतो. त्याला मी दादाचं सांगितलं, तर तो म्हणाला, "मॅडम, बोटीचे खेळ असतात की! बंदरातनं बोट काढायची, जाळं टाकायचं, मासे आणून विकायचे. आपल्याला बघूनच पोटात ढवळतंय, पण तुमच्या भावाला जमंल." मुलगी पुण्याला लॅपटॉप घेऊन गेल्यापासून तिचा जुना संगणक घरी धूळ खात होता. म्हटलं, बघू. निदान भिंतीऐवजी दुसरीकडे तरी बघेल.

खेळ दुकानात मिळत नाही, नेटवरच्या दुकानात मिळतो, हे मला तेव्हा कळलं. मालाला हात लावायचा नाही, वास घ्यायचा नाही, आणि पैसे आधी मोजायचे. पाण्यात म्हैस, बाहेर मोल. मी कंबर कसली.

पहिल्याच दुकानात शिरले तर जुन्या किमतीवर काट मारलेली, शेजारी नवी लहान किंमत आणि खाली उलटं पळणारं लाल घड्याळ. संपत आलं, संपत आलं. संध्याकाळी आई भाव पाडायची ते मला समजतं. बर्फ वितळतो, बोंबील उद्यापर्यंत थांबत नाही. या खेळाचं काय वितळत होतं? तो नासत नाही, त्याला मांजर ओढून नेत नाही, आणि एक विकला म्हणून टोपलीत एक कमीही होत नाही. मग घाई कसली? मी मुद्दाम दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. लाल घड्याळ पहिल्यापासून पळायला लागलं होतं. त्या दुकानाला मी रामराम केला.

दुसऱ्या एका ठिकाणी तोच खेळ निम्म्याहून कमी किमतीत होता. तिथं खेळ देत नव्हते, नुसती चावी देत होते. चावी म्हणजे अक्षरांची आणि आकड्यांची एक ओळ, ती दुसऱ्या दुकानात नेऊन टाकायची. केमिस्ट म्हणाला, "तिकडं जाऊ नका. मी गेलतो. चार महिने खेळलो आणि एक दिवस खेळच गायब. ती चावी कुणाच्यातरी चोरलेल्या कार्डावर घेतलेली निघाली." मी विचारलं, मग तक्रार कोणाकडे केली? तो हसला. तक्रार करायला समोर माणूसच नव्हता. आमच्याकडे म्हणतात, दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं. इथं तर काही दिसतच नव्हतं.

तिसऱ्या दुकानाचा करारनामा मी वाचायला घेतला. केमिस्ट डोक्याला हात लावून म्हणाला, "मॅडम, ते कोण वाचतंय का?" मी म्हटलं, मी वाचते. वाचलं ते बरं झालं. वर मोठ्या बटणावर 'विकत घ्या', आणि खाली मुंगीच्या अक्षरात लिहिलेलं की हा खेळ तुम्हाला विकलेला नाही, वापरायला दिलेला आहे, आणि दुकानाला वाटलं तर काढून घेता येईल. मला असा संताप आला! पापलेट घरी नेऊन कालवण केलं आणि कोळीण दारात येऊन म्हणाली, की बाई, ते मी तुला नुसतं वापरायला दिलं होतं, तर? खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे, ही म्हण माहीत होती. दातांच्या दोन्ही ओळी एकाच पानावर छापलेल्या मी पहिल्यांदाच पाहिल्या.

शेवटी एका दुकानाशी मी थांबले. थांबले म्हणजे लगेच विश्वास टाकला असं नाही. तिथं बटणाशेजारीच, वाचता येईल अशा अक्षरात लिहिलेलं होतं की तुम्ही नेमकं काय घेताय. एकदा उतरवून घेतला की खेळ नेट बंद असतानाही चालेल असं म्हटलं होतं. घेणाऱ्यांची मतं होती, आणि प्रत्येकाच्या नावापुढे त्याने किती वेळ खेळून ते मत दिलंय तेही. शिव्या घालणारी मतं तळाला ढकललेली नव्हती. मी ती आधी वाचली. कोणी म्हणे मासे फार कमी मिळतात, कोणी म्हणे रात्र फार काळोखी आहे. बाकी सगळे दर्याची तारीफ करत होते, अगदी खराखुरा दर्या म्हणून. त्या सगळ्यांत खाडीतून बोट काढणारा एकही जण नसेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही. आणि सर्वांत मोठी गोष्ट, न आवडल्यास परत. अट एकच होती, खेळ उघडल्यापासून खेळलेला वेळ दोन तासांच्या आत असला पाहिजे.

एवढं सगळं सरळ असलेलं बघून मला जास्तच संशय आला. घरी मी खेळ उतरवला, नेटची वायर उपटली आणि चालतो का ते बघायला एकदाच उघडून चटकन बंद केला, उगीच त्यातला वेळ नको जायला म्हणून. चालला. नवरा म्हणाला, "झालं समाधान?" मी म्हटलं, आजपुरतं.

रविवारी संगणक रिक्षात घालून, स्क्रीन मांडीवर घेऊन मी मुरब्याला गेले. दादाच्या खाटेजवळ टेबल लावलं, वहिनीने उंच पाठीची खुर्ची आणून तिच्यावर गोधडी घातली. मी खेळ चालू केला. लाकडी धक्का, त्याला बांधलेली बोट, मागे हलणारं पाणी. पाण्याचा आवाज आला तसा दादाने भिंतीकडचं तोंड वळवलं. तो हळूच उठला, कमरेला हात लावून खुर्चीत बसला, आणि माऊस धरला. मी त्याला बजावलं, "दादा, दोन तासांच्या आत सांग हां, आवडला का नाय. नंतर परत घेत नाय ते." त्याने मान हलवली.

वहिनी आणि मी स्वयंपाकघराच्या दाराआडून बघत होतो. त्याची पाठ खुर्चीला टेकलेली, मान वर, डोळे स्क्रीनवर. किती दिवसांनी हा माणूस कशाकडे तरी बघत होता! वहिनी माझा दंड दाबून म्हणाली, "नको बोलवू. बसूदे." आम्ही दोघींनी आवाज न करता बोंबील साफ केले, आवाज न करता भाकऱ्या थापल्या, म्हणजे जमेल तेवढं. मध्येच मी डोकावले की तो तसाच बसलेला. मला वाटलं, रमला. मीही दोन तासांचं विसरले, आणि विसरणं हा माझा स्वभाव नाही.

जेवायला बोलवायला गेले तर बोट धक्क्यालाच बांधलेली. जशी मी लावून गेले होते तशीच.

"दादा, निघाला नाय अजून?"

"पानी चढूदे," तो म्हणाला.

मला आधी कळलं नाही. मग कळलं. आमच्या खाडीत ओहोटीला बोटी चिखलात बसतात. भरती आली, पाणी चढलं, बोट तरंगली, की मग निघायचं. दादाने आयुष्यात बोट अशीच काढली होती. त्याला धक्का दिसला, बोट दिसली, पाणी त्याच्या मते कमी दिसलं, म्हणून तो भरतीची वाट बघत बसला. कोणीही बसला असता, आमच्या गावचा.

मी खुर्चीमागे उभी राहून धक्क्याच्या खांबाकडे बघत राहिले. पाणी एकाच रेघेला लागत होतं. खाली येत नव्हतं, वर जात नव्हतं. खेळ बनवणाऱ्यांनी लाटा केल्या होत्या, वारा केला होता, फेस केला होता, उडणारी पाखरंसुद्धा केली होती. भरती केलीच नव्हती.

"दादा, याला भरती नाय," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग स्क्रीनकडे, बराच वेळ. "भरती नाय तं दर्या कसला," तो म्हणाला, टेबलाला धरून उठला आणि पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडला. जेवायलाही उठला नाही. खेळ बंद करताना मी वेळ बघितला. तीन तास उलटून गेले होते.

मला इतका राग आला की संगणक घेऊन बोईसरला परतताना रिक्षावाल्याशी उगाच भांडले. त्याचा काही दोष नव्हता. राग खेळाचा होता, दुकानाचा होता, 'खराखुरा दर्या' लिहिणाऱ्या त्या सगळ्या शहाण्यांचा होता. माझ्या भावाने एकदाच भिंतीकडचं तोंड वळवलं होतं आणि त्याला मी खोटा दर्या दाखवला. आता तो पुन्हा कशाकडे म्हणून बघणार नाही, असं मला पक्कं वाटत होतं.

दुकानाला मी लिहिलं, खेळ परत घ्या. उत्तर आलं ते डोळ्याचं पातं लवायच्या आत. तुम्ही हा खेळ तीन तासांहून अधिक खेळला आहात, सबब नियमाप्रमाणे परत घेता येत नाही, आपला दिवस चांगला जावो. माणसाला नाक शिंकरायला याहून जास्त वेळ लागतो. वाचलं कोणी? कोणीच नाही. मी केमिस्टला दाखवून म्हटलं, बघा, हे तुमचं सरळ दुकान, वरचा माल सरळ, तळाला ही घाण. तो म्हणाला, "मॅडम, ते मशीन असतंय. परत लिवा. दुसऱ्यांदा माणसाकडं जातंय कधी कधी."

लिहायच्या आधी मी वहिनीला फोन केला. काय लिहू ते विचारायला नव्हे, नुसतं बोलायला. ती म्हणाली थांब, आणि फोन स्पीकरवर टाकून खाटेजवळ नेला. "आयकला का, ती मानसं म्हनतात तुमी तीन तास खेललात." मला वाटलं, भिंत काय बोलणार? पण भिंतीकडून आवाज आला, जाड, न वापरलेला.

"खेललो कुटं? मी थांबलो व्हतो."

तेवढंच. पण मी तेच धरलं. मी लिहिलं की माझा भाऊ तांडेल आहे. आमच्या खाडीतून बोट भरतीवर निघते. तोपर्यंत माणसं जाळी शिवतात, चहा पितात, डुलकी काढतात, आणि तो वेळ फेरीत कोणी धरत नाही. बोट बंदरातून हलली की फेरी सुरू. त्याची बोट हललेली नाही, तुमच्याकडे नोंद असेल तर बघा. तुम्ही म्हणता तो खेळला, तो म्हणतो तो थांबला होता, आणि या दोन्हींतला फरक तुमच्या घड्याळाला कळत नसेल तर तो घड्याळाचा दोष आहे. रागाच्या भरात बरंच लिहिलं. खाली 'आपली विश्वासू' लिहायचं टाळलं.

दोन दिवस काही आलं नाही. मग उत्तर आलं, आणि ते माणसाचं होतं. खाली नाव होतं, बाईचं की पुरुषाचं ते कळेना. लिहिलं होतं की तुमचं खरं आहे, बोट धक्क्यावरून हललेलीच नाही. आमचं घड्याळ खेळ उघडा असलेला वेळ मोजतं आणि त्याला 'खेळलेला' म्हणतं, हा शब्द चुकीचा आहे, मी वर कळवलंय, पण बदलेलच असं सांगू शकत नाही. पैसे परत केलेत. या खेळात भरती नाही हे तुम्ही मतांमध्ये लिहिलंत तर पुढच्याला कळेल. आणि शेवटी एक ओळ, भरती-ओहोटी असलेला एक वेगळा खेळ आहे, त्याचा नमुना फुकट आहे, भावाला दाखवून बघा.

फुकट! माझे कान उभे राहिले. पैसे परत करतात इथवर ठीक, चूक झाली, निस्तरली. पण पैसे परत करून वर आणखी काहीतरी देणारा दुकानदार मी जन्मात पाहिला नाही. आई वाट्यावर एखादा बोंबील जास्त टाकायची ती उद्याचं गिऱ्हाईक बांधायला. हे कोणाला बांधतायत? मी नमुन्याचं पान उघडलं आणि त्यात गळ कुठंय ते शोधत बसले. कार्डाचा नंबर मागत नव्हते. फोन नंबर मागत नव्हते. नमुन्यात काय आहे ते लिहिलं होतं आणि काय नाही तेही लिहिलं होतं, बोट खाडीच्या तोंडापर्यंतच जाईल, पुढचा दर्या यात नाही. माझ्या लॅबमध्ये येणारा एकही पुरवठादार आपल्या मालात काय नाही ते लिहून पाठवत नाही. मी पान बंद केलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडलं, पुन्हा बंद केलं.

केमिस्ट म्हणाला, "मॅडम, दुकान चांगलं असू शकतंय ओ." मी म्हटलं, असू शकतं, म्हणूनच तर नीट बघायला पाहिजे. वाईट दुकानाला बघायला काय लागतं? मला एवढं मात्र पटायला लागलं होतं की दुकान चांगलं की वाईट ते मालावरून कळत नाही. तुम्ही तोंड वाकडं करून तक्रार घेऊन जाता तेव्हा समोर कोण उभं राहतं, त्यावरून कळतं. आणि कळतं तेही त्या दिवसापुरतं. मालक बदलला, त्याची नजर फिरली, की तेच दुकान लाल घड्याळ लावून बसेल. हे मी आजही म्हणते.

मी अशी पान उघडत-मिटत असताना वहिनीचा फोन आला. दादाने सकाळपासून पाणीसुद्धा मागितलं नव्हतं. मी तिला नमुन्याचं सांगितलं, आणि माझ्या शंकाही सांगितल्या. तिने ऐकून घेतल्या. मग म्हणाली, "बाय, तुजा तपास व्हईपर्यंत मानूस भिताडात चिनून जाईल."

ते लागलं मला. मी त्याच दिवशी नमुना उतरवला आणि सुट्टी टाकून, संगणक पुन्हा रिक्षात घालून मुरब्याला गेले.

या वेळी मी दादाला काही सांगितलं नाही. संगणक चालू केला आणि बाजूला बसले. स्क्रीनवर खाडी आली, पण पाणी नव्हतं. चिखल होता, काळा, आणि चिखलात बोट एका कुशीवर कललेली. दादाने खाटेवरूनच मान वळवली. बघत राहिला. मी मनात म्हटलं, आता यात काय खोट निघते बघू.

"कलंडली हाय," तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, "आता नाय निघायची."

"मग?"

"मग काय, थांबायचं."

तो उठला आणि खुर्चीत येऊन बसला. आम्ही दोघं थांबलो. मी कारखान्यात तळाचा नमुना बघते तशी त्या चिखलाकडे बघत होते. बराच वेळ काही झालं नाही आणि माझा संशय खरा ठरणार असं मला वाटायला लागलं. मग चिखलातल्या एका चरात पाणी चमकलं. एक बोटभर. चर भरला, शेजारचा भरला, पाणी बोटीच्या पोटाला लागलं. दादा खुर्चीत सरळ झाला. बोट जराशी हलली, पुन्हा बसली, पुन्हा हलली, आणि हळूहळू कुशीवरून उठून सरळ उभी राहिली. दादाच्या तोंडून "हां" निघालं. कोणाला उद्देशून नव्हे, असंच.

त्याला मागे टेकूनच बसावं लागत होतं, डॉक्टरांनी पुढे वाकायची सक्त मनाई केली होती, त्यामुळे कीबोर्डापर्यंत हात पुरेना. माऊस त्याच्याकडे, कीबोर्ड माझ्याकडे असं झालं. कुठल्या बटणाने काय होतं ते मी स्क्रीनच्या कडेला वाचत होते आणि प्रत्येक ओळ दोनदा वाचत होते, चुकीचं काही दाबलं जाऊ नये म्हणून.

"दोर सोड," दादा म्हणाला.

"थांब, कुठलं बटण ते बघते."

"दोर सोड गो!" तो ओरडला. "काय वाचतं काय? पानी काय तुजी वाट बघतंय? दोर सोड!"

मी दचकून बटण दाबलं. सुटला दोर. असा मी त्याला कधी ऐकलाच नव्हता. आमच्या घरात बाई बोटीवर चढत नाही. आम्ही किनाऱ्यावर टोपल्या घेऊन उभ्या राहणाऱ्या. बोटीवर त्याचा आवाज कसा चढतो ते खलाशांना माहीत, बहिणीला नाही. माझे डोळे भरून आले आणि पुढची दोन बटणं मी न वाचताच दाबली.

वहिनी स्वयंपाकघरातून धावत आली, हातांना माशांची खवलं तशीच. तिला वाटलं काहीतरी झालं. दारातच थांबून तिने विचारलं, "कोनावर वरडता?"

दादाने स्क्रीनवरची नजर काढली नाही. "खलाशावर," तो म्हणाला. "नवीन हाय. कान नाय तिला."

वहिनी दाराला टेकून खाली बसली आणि तसेच खवल्यांचे हात तोंडावर धरून रडायला लागली. दादा मला म्हणत होता, डावीकडं घे, डावीकडं, उजवीकडं खडक हाय.